चार डेक, एक टेबल: कमांडरच्या डावांत डेकची खरी तुलना कशी करायची

रविवारी ठाण्यात किंवा वाशीत चौघं जमतात, 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे तीन कमांडर डाव (प्रत्येकाने आपापला १०० पत्त्यांचा डेक घेऊन खेळायचा प्रकार) होतात, त्यातले दोन एकच डेक जिंकतो आणि परतीच्या ट्रेनमध्ये निकाल लागूनही जातो: गॉब्लिनचा डेक भारी, कंट्रोलचा (इतरांचे पत्ते मारत डाव लांबवणारा) टाकाऊ. पुढच्या आठवड्यात कंट्रोलच्या डेकमधले वीस पत्ते बदललेले असतात. खरं तर त्या तीन डावांनी काहीच सिद्ध केलेलं नसतं.

हिशेब करून बघा. चारही डेक अगदी तोलामोलाचे असले, प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता नेमकी २५ टक्के असली, तरी ८ डावांत त्यातल्या कुणा ना कुणा डेकला ४ किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. कुणा एकाला एकही विजय न मिळण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. म्हणजे निव्वळ नशिबानं एक डेक 'भारी' आणि एक 'टाकाऊ' दिसणं ही रोजचीच गोष्ट आहे. म्हणून विजय मोजायचे, पण त्यांच्यावर विसंबायचं नाही. डेक आत कसा चालला हे मोजायचं. त्याची पद्धत खाली क्रमाने दिली आहे. क्रम मोडलात तर पुढच्या नोंदी वाया जातात.

१. आधी एकच प्रश्न लिहून काढा

'कुठला डेक चांगला?' हा प्रश्न नव्हे, त्याला उत्तर नसतं. प्रश्न असा हवा: 'बोर्ड वाइप बसल्यावर माझा टोकनचा डेक किती टर्नमध्ये सावरतो?' (बोर्ड वाइप म्हणजे पटावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारे जीव, एकदम मारणारा पत्ता; टोकन म्हणजे दुसऱ्या पत्त्यामुळे निर्माण होणारे क्रीचर; टर्न म्हणजे पाळी) किंवा 'कंट्रोल खेळताना शेवट करायला फार वेळ लागतोय का?' प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहा आणि चौघांनाही वाचून दाखवा. चौघांचे चार प्रश्न असले तरी हरकत नाही, पण एका डेकमागे एकच.

तपासा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत देता येतं का? येत नसेल तर प्रश्न अजून ढोबळ आहे.

२. डेक मोजा, मग गोठवा

कमांडरसकट (कमांडर म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता) १०० पत्ते. बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद, देणारे साधे पत्ते) सोडून प्रत्येक पत्ता एकदाच. कमांडर बाहेर असतो, म्हणून पिसायचे पत्ते ९९. ते पाच ढिगांत लावा: लँड, रॅम्प (माना लवकर वाढवणारे), पत्ते ओढणारे (ड्रॉ), रिमूव्हल (विरोधकाचा एखादा पत्ता काढणारे), बोर्ड वाइप. उरलेले सगळे 'योजनेचे पत्ते'. सुरुवातीचा अंदाज म्हणून ३७ लँड, १० रॅम्प, १० ड्रॉ, ८ ते १० रिमूव्हल आणि ३-४ वाइप हे गणित बहुतेक डेकना चालतं.

लँड कापून मजेचे पत्ते भरायची सवय सगळ्यात महाग पडते. ३७ लँड असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत २ ते ४ लँड येण्याची शक्यता ७५ टक्के असते, आणि शून्य किंवा एकच लँड येण्याची जवळपास १९. लँड ३३ वर आणलेत की हे १९ टक्के थेट २५ होतात. असा डेक तुलनेला बसवला तर तुम्ही डावपेचांची नव्हे, लँडच्या कमतरतेचीच परीक्षा घेत बसाल.

१० रॅम्प का? दुसऱ्या टर्नपर्यंत तुम्ही ९ पत्ते पाहिलेले असता (चौघांच्या डावात पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला पत्ता ओढतो). १० रॅम्प असतील तर त्या ९ पत्त्यांत किमान एक असण्याची शक्यता ६३ टक्के. ४ बोर्ड वाइप ठेवलेत तर आठव्या टर्नपर्यंतच्या १५ पत्त्यांत एक तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ४९ टक्के. 'माझ्याकडे वाइप आहेत' म्हणणाऱ्याला निम्म्या डावांत वेळेवर वाइप दिसणारच नाही.

सावधान: एकच पत्ता दोन ढिगांत मोजू नका. सायक्लॉनिक रिफ्ट २ मानात एक पत्ता परत पाठवतो, ७ मानात लँड सोडून विरोधकांचं सगळं टेबल झाडून टाकतो. तुम्ही तो बहुतेक वेळा कशासाठी राखून ठेवता, त्याच ढिगात टाका.

चारही डेक एकाच पातळीचे आहेत ना, हेही आत्ताच बघा. २०२५ पासून डेकची पातळी सांगणारी १ ते ५ ब्रॅकेटची पद्धत आहे. ब्रॅकेट ३ मध्ये 'गेम चेंजर' (फार ताकदीच्या पत्त्यांच्या) यादीतले जास्तीत जास्त ३ पत्ते चालतात, ब्रॅकेट २ मध्ये एकही नाही. एक डेक ४ चा आणि बाकीचे २ चे असतील तर तुलना करूच नका, उत्तर आधीच ठरलेलं आहे.

मोजून झालं की यादीचा फोटो काढा. ८ डाव होईपर्यंत एकही पत्ता बदलायचा नाही. दोन डावांच्या मध्ये 'हा एक काढून तो घालतो' हा मोह अनावर असतो, आणि त्यानेच सगळ्यात जास्त नोंदी मातीत जातात.

३. पत्त्यांची शारीरिक तयारी

हा टप्पा लोक सोडून देतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो सोडून चालत नाही. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत फॉइल (चकचकीत थराचे) पत्ते धनुकलीसारखे वाकतात. वाकलेला पत्ता गठ्ठ्यात फट पाडतो, आणि पिसताना किंवा कापताना हात नकळत त्याच जागी थांबतो. मग तोच पत्ता वारंवार वर येतो. तुलनेच्या डेकमध्ये फॉइल शक्यतो साधे करून घ्या. जमत नसेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आदल्या रात्री पत्ते वजनाखाली दाबून ठेवा.

झेरॉक्स काढलेले प्रॉक्सी चालतील, चौघांची संमती असेल तर. मान्यताप्राप्त स्पर्धेत मात्र ते चालत नाहीत. प्रॉक्सी पातळ कागदावर काढा आणि स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात) खऱ्या बेसिक लँडच्या पुढे सरकवा. जाड कागद हाताला लागतो. स्लीव्ह मागून अपारदर्शक आणि सगळे एकाच खोक्यातले हवेत. अर्धे जुने अर्धे नवे नकोत.

पिसताना ९९ पत्त्यांचे दोन गठ्ठे करून एकमेकांत सरकवा, किमान ८ वेळा. सात-आठ ढीग मांडून पत्ते वाटत जाणं म्हणजे पिसणं नव्हे, ती फक्त मोजदाद आहे. डाव संपल्यावर सगळे लँड एकगठ्ठा गोळा होतात. ते तसेच डेकवर ठेवून दोनदा पिसलेत तर पुढच्या डावात लँडचा पूर येणारच.

४. जागा, वेळ, आणि टेबलावरचे नियम

चौघांचा एक डाव सव्वा ते दीड तास धरा. दिवसात ४ डाव म्हणजे सहा तास, जेवण वेगळं. त्यामुळे ८ डावांना दोन रविवार लागतात. सोसायटीचं क्लबहाऊस सकाळी ११ पासून मिळवलंत तर अंधार पडायच्या आत आटोपतं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या मंडळींना ट्रान्स-हार्बरमुळे ठाणे आणि वाशी दोन्हीकडे पोचणं सोपं. खारघर-पनवेलहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघावं. चौथा भिडू तासभर उशिरा आला आणि तिघांनीच एक डाव उरकला, तर तो डाव नोंदीत धरू नका. तिघांचं टेबल हा वेगळाच खेळ आहे.

पहिला डाव सुरू व्हायच्या आत एवढं ठरवा:

- मलिगन (सुरुवातीचा हात परत देऊन नवा घेणं): चौघांच्या डावात पहिला मलिगन फुकट. पुढच्यापासून दरवेळी ७ पत्ते घ्यायचे आणि फुकटचा सोडून जितके मलिगन झाले तितके पत्ते डेकच्या तळाशी ठेवायचे. 'बरं, अजून एकदा घे' हा प्रेमळपणा तुलनेच्या दिवशी बंद.
- चाल मागे घेणं: पुढच्या खेळाडूने पत्ता ओढला की संपलं.
- डाव सोडणं: फक्त स्वतःच्या टर्नमध्ये, दुसऱ्याचा हल्ला चालू असताना नाही. मध्येच उठून जाणाऱ्यामुळे दुसऱ्याचा हल्ला फुकट जातो.
- वेळमर्यादा: ९० मिनिटांनंतर चालू फेरी पूर्ण करून थांबा आणि डाव 'अनिर्णित' लिहा. विजेता ठरवायला लाइफ (खेळाडूचे उरलेले आयुष्य-गुण) मोजू नका.

५. बसण्याचा क्रम

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि पद्धत एकदा समजली की सुधारायला सर्वांत सोपंही हेच आहे.

कोण पहिला खेळतो याने फरक पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या डावीकडे कोण बसलंय यानेही तितकाच फरक पडतो, हे सहसा कुणी धरत नाही. कंट्रोलवाल्याने आपल्या टर्नला रॅथ ऑफ गॉड टाकला, सगळे क्रीचर गेले, त्याचे ४ माना संपले. त्यानंतर मोकळ्या टेबलावर सगळ्यात आधी वापरलेले आडवे लँड सरळ करून क्रीचर उतरवणारा कोण? त्याच्या डावीकडचा. सगळे डाव एकाच क्रमाने बसून खेळलात तर तो शेजारी प्रत्येक वाइपचा फायदा उचलत राहतो आणि त्याचा डेक उगाच चांगला दिसतो.

म्हणून डेकना क, ख, ग, घ अशी नावं द्या आणि पहिल्या खेळाडूपासून डावीकडे या क्रमाने बसा:

- डाव १: क, ख, ग, घ
- डाव २: ख, घ, क, ग
- डाव ३: ग, क, घ, ख
- डाव ४: घ, ग, ख, क

यात प्रत्येक डेक प्रत्येक स्थानावर एकदा येतो आणि शेजारीही बदलत राहतात. या चार डावांत डेक ज्याचा त्याच्याच हातात राहतो. पुढच्या रविवारी पुन्हा याच चार ओळी खेळायच्या, पण डेकची अदलाबदल करून. पहिल्यांदाच हातात आलेल्या डेकशी भिडू चुका करतोच. म्हणून दुसऱ्या फेरीआधी दहा मिनिटं देऊन यादी वाचू द्या.

तपासा: ४ डाव झाल्यावर प्रत्येक डेक एकदा पहिला आणि एकदा शेवटचा खेळला आहे ना? नसेल तर कुठेतरी खुर्ची चुकली आहे. त्याच दिवशी लक्षात येईल, नंतर नाही.

६. नोंद: आठ रकाने

प्रत्येकाने आपल्या डेकची नोंद आपल्या टर्नअखेर लिहायची. टर्न मोजायला वीस बाजूंचा एक फासा टेबलाच्या मध्ये ठेवा. पहिल्या खेळाडूने आपल्या टर्नच्या सुरुवातीला तो पुढे करायचा. आठवणीवर भरवसा ठेवून डाव संपल्यावर लिहिलेल्या नोंदी जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकतात.

१. मलिगन किती.
२. चौथ्या टर्नअखेर किती माना काढता येत होते.
३. कमांडर प्रथम कितव्या टर्नला उतरला, एकूण कितीदा.
४. नेहमीच्या एका पत्त्याखेरीज किती पत्ते ओढले.
५. इतरांनी या डेकवर किती रिमूव्हल खर्च केली.
६. धमकीचा टर्न.
७. बाहेर पडला तो टर्न, आणि कुणामुळे.
८. शेवटी हातात पडून राहिलेले पत्ते, नावासकट.

सहावा रकाना या सगळ्याचा गाभा आहे. धमकीचा टर्न म्हणजे ज्या टर्नला टेबलाने उत्तर दिलं नसतं, तर या डेकच्या पुढच्या टर्नपर्यंत किमान एक जण बाहेर पडला असता किंवा डावच संपला असता, असा पहिला टर्न. उत्तर मिळालं आणि डेक थांबला, तरी नोंद करायची. जो डेक दर डावात सातव्या टर्नला धमकी देतो आणि दरवेळी अडवला जातो, त्याच्या नावावर विजय शून्य असतील, पण तो कमजोर नाही. तो टेबलाची सगळी उत्तरं खाऊन टाकतोय, आणि विजय त्या मोकळ्या झालेल्या वाटेने दुसऱ्याला मिळतोय. फक्त विजय मोजणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

सावधान: 'मागच्या डावात तू जिंकलास, आता तुला आधी मारतो' असं चालू झालं की पाचवा रकाना निरर्थक होतो. हल्ला करताना कारण पटावरचं असावं आणि एका वाक्यात सांगता यावं.

७. नोंदी वाचणं: प्रत्येक डावपेचाला वेगळं माप

८ आकड्यांची सरासरी काढू नका, एखादा विचित्र डाव ती बिघडवतो. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधले दोन बघा. आणि चारही डेकना एकच फूटपट्टी लावू नका.

*टोकनचा डेक.* क्रेंको, मॉब बॉस हा कमांडर घ्या. तो ४ मानाचा. टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमच्याकडे जितके गॉब्लिन तितके नवे येतात, आणि तो स्वतःही गॉब्लिन आहे. चौथ्या टर्नला उतरला तर त्या टर्नला टॅप होत नाही. पाचव्याला एकूण २ गॉब्लिन, सहाव्याला ४, सातव्याला ८, आठव्याला १६. म्हणजे सहाव्या टर्नचा वाइप चार पत्त्यांवर बसतो, आठव्याचा सोळांवर, पण क्रेंकोवाल्याचं खरं नुकसान दोन्हीकडे सारखंच असतं: पुन्हा एकापासून सुरुवात, आणि कमांडर आता ६ मानाला (पुन्हा उतरवताना दरवेळी २ माना जास्त). लाइटनिंग ग्रीव्हज (क्रीचरला चढवायचं साधन) दुसऱ्या टर्नला आला तर क्रेंको आल्या आल्या टॅप होतो आणि हे सगळं एक टर्न आधी घडतं. ग्रीव्हज त्याच्यावर नेम धरू देत नाही, पण वाइपपासून वाचवत नाही.

आता लाल डेकमधला ब्लास्फेमस ॲक्ट बघा: प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज. किंमत ९ माना, पण पटावरच्या प्रत्येक क्रीचरमागे १ माना कमी. सगळ्या टेबलावर मिळून ८ क्रीचर झाले की तो एका लाल मानात पडतो. गॉब्लिनवाला जितका जोर धरतो तितका तो स्वतःच्या मरणाचा पत्ता स्वस्त करत जातो. म्हणून टोकनच्या डेकचं माप धमकीचा टर्न नव्हे. वाइपनंतर पुन्हा धमकी द्यायला किती टर्न लागले, ते. ३ टर्नपर्यंत ठीक. ५ लागत असतील तर पत्ते ओढायचे स्रोत कमी आहेत, चौथा रकाना बघा.

*कॉम्बो.* सँग्विन बाँड आणि एक्स्क्विझिट ब्लड, दोन्ही ५ मानाचे, दोन्ही पटावर असताना तुम्हाला लाइफ मिळालं किंवा विरोधकाचं गेलं की लाइफचं चक्र सुरू होतं आणि विरोधक संपतात. पण ठरावीक दोन पत्ते आठव्या टर्नपर्यंत आपसूक हातात येण्याची शक्यता फक्त २ टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा कॉम्बोच्या डेकमध्ये कॉम्बोचं नव्हे, ट्यूटर (डेकमधून हवा तो पत्ता शोधून देणारे पत्ते) आणि ड्रॉचं मोजमाप करा. कॉम्बो पूर्ण झाला त्या वेळी बाकी तिघांपैकी किती जणांकडे सरळ ठेवलेले (न वापरलेले) माना होते, हेही लिहा. सगळे रिकामे असताना जिंकलेला डाव डेकबद्दल कमी सांगतो.

*व्होल्ट्रॉन.* म्हणजे सगळा जोर कमांडरवर लावणारा डेक. एकाच कमांडरकडून लढाईत २१ डॅमेज मिळालं की खेळाडू बाहेर, लाइफ कितीही असो. तिघांना मिळून ६३ लागतात, तर लाइफच्या वाटेने १२० (प्रत्येकी ४०). कागदावर स्वस्त वाटतं. पण सगळं एका क्रीचरवर उभं असतं, आणि ४ मानाचा कमांडर तिसऱ्यांदा उतरवायला ८ माना लागतात. तिसरा रकाना बघा: कमांडर तीनदा उतरवलेल्या डावांत हा डेक धमकी देऊ शकला का? नसेल तर संरक्षणाचे पत्ते कमी आहेत, तलवारी (कमांडरची ताकद वाढवणारे पत्ते) नव्हेत.

*कंट्रोल.* इथे लोक 'किती पत्ते मारले' हे मोजतात आणि खूश होतात. चौघांच्या डावात तुमची एक रिमूव्हल एका विरोधकाचा एक पत्ता घेते; बाकी दोघांना ती फुकटची मदत. त्यामुळे माप हे: शेवटचा वाइप टाकल्यापासून डाव संपेपर्यंत किती टर्न गेले. ६-७ टर्न जात असतील तर तुमच्याकडे शेवट करणारे पत्ते नाहीत, आणि त्या मोकळ्या वेळात कॉम्बोवाला ट्यूटर शोधतोय.

शेवटी आठवा रकाना. एकच नाव ८ पैकी ३ किंवा जास्त डावांत हातात पडून राहिलं असेल तर तो पत्ता कितीही आवडता असो, काढायच्या यादीत वर घ्या.

८. बदल आणि पुन्हा चाचणी

एका वेळी एकाच डेकमध्ये बदल, आणि जास्तीत जास्त ५ पत्ते. बाकी तीन डेक गोठलेलेच राहतात, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. ज्या ढिगातून काढलं त्याच ढिगात भरलं तर ढिगांचं गणित जुनंच राहतं. ढीग बदलत असाल (एक योजनेचा पत्ता काढून एक लँड) तर तसं वेगळं लिहा.

मग त्याच चार ओळी, तीच बसण्याची पद्धत, तेच आठ रकाने. पहिल्या फेरीचा मधला आकडा आणि नव्या फेरीचा मधला आकडा शेजारी मांडा. एका टर्नच्या आत फरक असेल तर तो धरू नका. दोन टर्न किंवा जास्त सरकला असेल तर बदल ठेवा, यादीचा नवा फोटो काढा, त्यावर तारीख टाका. काढलेले पाच पत्ते एका वेगळ्या स्लीव्हमध्ये घालून त्याच डेकच्या डब्यात ठेवा, कारण पुढच्या फेरीत त्यातला एखादा परत हवाच असतो.